लायलॅक अकोटात फुलेल का?

मे महिन्यात बोस्टन, शिकागो किंवा टोरांटोकडे राहणाऱ्या लेकीसुनांचे फोटो घरोघरच्या फोनवर येतात. कमरेएवढे झुडूप, त्यावर फिकट जांभळ्या फुलांचे टपोरे घोस, आणि खाली एक ओळ : ‘आई, वास इतका गोड आहे की काय सांगू!’ हे झुडूप म्हणजे लायलॅक. पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो : ‘याचं रोप मागवलं तर आपल्या अंगणात येईल का?’

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर नीट समजून घेतले, तर झुडपे फुलतात कशी, छाटणी कधी करायची आणि आपल्या काळ्या मातीत काय टिकते, हे सगळे एकदमच उलगडते. म्हणून या प्रकरणात अकोला जिल्ह्यातल्या अकोटच्या अंगणात उभे राहूनच ते शोधू.

१. लायलॅक कोण, कुठले?

लायलॅकचे शास्त्रीय नाव सिरिंगा. युरोपच्या बागांत सर्वांत जास्त दिसणारी जात मूळची बाल्कन भागातल्या डोंगरांतली. सोळाव्या शतकात ऑस्ट्रियाचे राजदूत बुस्बेक इस्तंबूलहून परतले, तेव्हा त्यांनी ते व्हिएन्नाला नेले आणि तिथून ते युरोपभर गेले. बोस्टनच्या अर्नॉल्ड वृक्षोद्यानात १९०८ पासून मे महिन्यातला एक रविवार लायलॅकसाठी राखून ठेवलेला असतो.

जुने लायलॅक दोन पुरुष उंचीपर्यंत जाते. लहान बागांसाठी बुटक्या जाती पूर्व आशियातून आल्या. ‘पालिबिन’ सव्वा ते दीड मीटरवर थांबते. ‘मिस किम’चे बी एल्विन मीडर यांनी १९४७ मध्ये कोरियात गोळा केले आणि १९५४ मध्ये ती जात बागांसाठी खुली झाली. फोटोत दिसते ते झुडूप बहुधा यांपैकीच असते.

एक गोष्ट आपल्या माणसांना सहसा ठाऊक नसते. लायलॅक आणि मोगरा एकाच कुळातले आहेत. जाई, जुई, पारिजातक आणि ऑलिव्हही त्याच कुळात येतात. खात्री करून घ्यायची तर एकेरी मोगऱ्याचे फूल हातात घ्या आणि त्याची नळी नखाने उभी चिरा. आत फक्त दोन पुंकेसर सापडतील. पारिजातकातही दोन आणि लायलॅकमध्येही दोनच. बटमोगऱ्यात पुंकेसरांच्याच जागी पाकळ्या आलेल्या असतात, म्हणून तिथे ही खूण सापडत नाही.

२. थंडीचा हिशोब

लायलॅकची कळी फुलण्याच्या वर्षभर आधी तयार होते. यंदाचा बहर संपला की उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीच्या कळ्या फांदीच्या टोकाशी बसतात. हिवाळा आला की त्या झोपी जातात. ही झोप मोडायला आधी थंडी लागते, ऊब नंतर. पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय कितीही ऊन पडले तरी कळी उघडत नाही. मधेच चार उबदार दिवसांना फसून उमलू नये आणि मग हिमात जळू नये, यासाठी झाडाने केलेली ही सोय आहे.

याला महिला मंडळाची भिशी समजा. शून्य ते सात अंशांच्या दरम्यानचा प्रत्येक तास म्हणजे एक हप्ता. ठरलेली रक्कम जमली की मगच उचल मिळते. सर्वसाधारण लायलॅकची ही रक्कम हजार तासांच्या घरात असते.

आता आपल्याकडचा हिशोब मांडू. अकोला जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा बहुतेक वेळा दहा-बारा अंशांच्या आसपास राहतो, कडाक्याच्या लाटेत आणखी खाली येतो. समजा एखाद्या थंड वर्षी पंधरा रात्री पहाटेचे चार तास तापमान सात अंशांखाली गेले. पंधरा गुणिले चार, म्हणजे साठ तास झाले. हवेत हजार, जमले साठ. शिवाय दुपारी पारा अठ्ठावीस-तीस अंशांवर गेला की जमलेल्यातलेही काही वजा होते.

मग चिखलदऱ्याला तरी जमेल का? समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर असलेल्या चिखलदऱ्यात कॉफी होते, आणि थंडीही अकोटपेक्षा बरीच जास्त असते. पण ती महिनोन्महिने सलग टिकत नाही. भारतात लायलॅकची स्वतःची एक जात आहे, ती पश्चिम हिमालयात साधारण २,००० मीटरच्या वरच वाढते. कॅलिफोर्नियात वॉल्टर लॅमर्ट्स यांनी कमी थंडीत फुलणारे ‘लॅव्हेंडर लेडी’ तयार केले, तेही तिथल्या सौम्य हिवाळ्यासाठी. पंचेचाळीस अंशांचा मे आणि त्यापाठोपाठ चिकट काळ्या मातीतला पावसाळा सोसणे हे त्याचे काम नाही.

तेव्हा उत्तर स्पष्ट आहे. रोप आणाल, ते काही दिवस पानेही धरेल, पण फुलणार नाही. त्यापायी पैसे घालवू नका.

३. थंडीऐवजी ताण

मग आपल्या झाडांना बहराची वेळ कशी कळते? हे अकोटच्या संत्रा बागायतदाराला विचारा. तो आंबिया बहरासाठी डिसेंबरात पाणी तोडतो. हलक्या जमिनीत महिनाभरात आणि भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिन्यांत झाड ताणावर येते. पाने किंचित मलूल होतात, वाढ थांबते. मग खत देऊन पाणी सोडले की झाड फुलांनी भरते. मृग बहराला हाच ताण उन्हाळ्यात बसतो आणि तो पहिल्या पावसाने मोडतो.

थंड देशांत झाडाची वाढ थंडी थांबवते, आपल्याकडे कोरड थांबवते. थांबलेल्या झाडाकडे साठलेले अन्न नव्या पानांऐवजी फुलांकडे वळते. मोगरा याच रीतीने चालतो, आणि म्हणून तो वऱ्हाडात सुखाने नांदतो. लायलॅकला मात्र ताण देऊन थंडीची भरपाई होत नाही.

४. कळी बसते कुठे?

छाटणीचे सगळे शास्त्र या एका प्रश्नात आहे. झुडपांचे दोन गट पाडा.

पहिला गट जुन्या फांदीवर फुलणाऱ्यांचा. लायलॅक त्यात येते. कळ्या आदल्या वर्षीच्या फांदीवर आधीच बसलेल्या असतात. हिवाळ्यात कात्री लावली तर त्या वर्षीचा बहर कचऱ्यात जातो. म्हणून लायलॅकची छाटणी बहर ओसरला की लगेच करतात. तुमची लेक परदेशात असेल, तर तिला एवढे जरूर सांगा : फुले वाळली की दोन-तीन आठवड्यांत छाट, नंतर हात लावू नको.

दुसरा गट नव्या फुटीवर फुलणाऱ्यांचा. मोगरा यात येतो. छाटलेल्या मोगऱ्याची फांदी फेब्रुवारीच्या मध्यावर जवळून बघा. पानांची प्रत्येक जोडी जिथे होती, तिथे दोन्ही बाजूंनी हिरवे बारीक डोळे फुगलेले दिसतील. पंधरा दिवसांत त्यांचे धुमारे होतात. धुमाऱ्यावर पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की टोकाला बहुधा तीन कळ्यांचा झुपका धरतो. मधली कळी आधी टपोरी होऊन उमलते, बाजूच्या दोन नंतर. म्हणजे जितके धुमारे तितके झुपके, आणि धुमारे हवेत तर छाटणी हवी. मोगरा छाटायला जीव होत नाही, म्हणून अनेक अंगणांत तो उंच, लेकुरवाळा दिसतो पण फुले मोजकीच देतो.

५. आपल्यासाठी कोणती झुडपे?

लायलॅकमध्ये आपल्याला दोन गोष्टी आवडतात, वास आणि रंगाचे घोस. अकोटच्या हवेत या दोन्ही एकाच झुडपात मिळत नाहीत, पण शेजारी लावलेल्या दोन झुडपांत मिळतात.

*वासासाठी मोगरा.* कमरेएवढा ठेवता येतो, ऊन सोसतो, वर्षानुवर्षे टिकतो. एकेरी मोगरा लवकर आणि भरपूर फुलतो. बटमोगऱ्याचे फूल गेंदेदार, पण संख्येने कमी. मदनबाणाच्या कळ्या लांबट आणि वास दाट. पहिल्यांदा लावणाऱ्याने एकेरी किंवा मदनबाण घ्यावा.

*रंगासाठी सावनी.* आपल्या राज्याचे फूल ताम्हण, त्याची ही बुटकी बहीण. नर्सरीत ‘लॅजरस्ट्रोमिया’ किंवा ‘क्रेप मर्टल’ म्हणून मागितली की लगेच मिळते. गुलाबी, जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांचे घोस फांदीच्या टोकाला येतात. एक फूल तळहातावर ठेवून बघा. साधारण सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळी बारीक दांडीवर उभी, आणि कडा क्रेपच्या कापडासारखी चुणीदार. वास जवळजवळ नाही, पण लांबून घोस पाहिला तर लायलॅकच आठवेल. तीही नव्या फुटीवर फुलते, हिवाळ्यात पाने गाळते आणि उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत बहरते. बुटकी जात मागून घ्या, नाहीतर ती घराच्या छतापर्यंत जाते.

दोघांनाही रोज किमान सहा तास ऊन हवे. दोघांत सव्वा ते दीड मीटर अंतर ठेवा.

६. काळी माती : खड्डा नको, ओटा करा

‘दीड फूट खड्डा करा, शेणखताने भरा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. मुरमाड जमिनीत तो योग्य आहे. भारी काळ्या मातीत मात्र याच खड्ड्यात झुडपे मरतात. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. त्यात भुसभुशीत खताने भरलेला खड्डा केला की आजूबाजूचे पाणी तिथेच गोळा होते. ऑगस्टच्या झडीत मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात आणि ‘पाणी कमी पडले असेल’ म्हणून आपण आणखी पाणी घालतो.

उपाय सोपा आहे. झुडूप जमिनीच्या वर लावायचे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर उंच ओटा करा. त्याला किती माती लागेल? एक गुणिले एक गुणिले ०.३, म्हणजे ०.३ घनमीटर, अर्थात ३०० लिटर. घमेले बारा लिटरचे धरले तर पंचवीस घमेली होतात. त्यात तेरा घमेली अंगणातलीच माती, सात घमेली कुजलेले शेणखत आणि पाच घमेली धुतलेली रेती मिसळा. सोबत अर्धा किलो निंबोळी पेंड. ओट्याखालची जमीन आधी कुदळीने खणून सैल करा, म्हणजे मुळे पुढे उतरू शकतील. पहिल्या पावसाळ्यात ओटा दबतो, तेव्हा दोन-चार घमेली वर टाका.

रेतीऐवजी चुनखडीचा मुरूम वापरू नका. आपल्या मातीचा सामू आधीच साडेसातच्या वर असतो. चुना वाढला की मातीत लोह असूनही मोगऱ्याला ते घेता येत नाही. लायलॅकला चुना चालतो, मोगऱ्याला तो बाधतो, एवढा या दोन नातलगांत फरक आहे.

७. पाणी : सातपुड्याकडचे आणि पूर्णेकडचे

अकोट तालुक्यात पाण्याच्या दोन तऱ्हा आहेत. उत्तरेला नरनाळा आणि सातपुड्याच्या पायथ्याकडे विहिरींचे पाणी गोडे, म्हणून तिथे संत्रा, केळी आणि पानमळे. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याकडे खारपाणपट्टा सुरू होतो आणि बोअरचे पाणी खारे लागते. खाऱ्या पाण्याने मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपतात आणि मातीवर पांढरा थर येतो.

तुमचे घर खारपाणपट्ट्यात असेल तर पाण्याची आणि मातीची तपासणी करून घ्या. जिल्ह्यात माती-पाणी परीक्षण होते. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथल्या उद्यानविद्या विभागात फुलझाडांबद्दल विचारता येते. झुडपांसाठी पावसाचे पाणी साठवा. दहा चौरस मीटर टिनाच्या छतावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला तर अडीचशे लिटर पाणी मिळते. सांडलवंड वजा करूनही दोनशे लिटरचे पिंप एका चांगल्या सरीत भरते.

पाणी कधी द्यायचे हे वारावर ठरवू नका. बोट दोन पेरे मातीत घाला. ओल लागली तर थांबा, कोरडे लागले तर आळे भरून द्या. रोज थोडे थोडे शिंपडल्याने मुळे वरच राहतात आणि मे महिन्यात भाजतात. ओट्यावर तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार चार बोटे जाड पसरा, पण खोडाला चिकटू देऊ नका. आच्छादन असेल तर जमीन भेगाळत नाही आणि पाण्याच्या पाळ्या कमी होतात.

सावली कशी करायची हे अकोट-अंजनगावच्या पानपिंपरीच्या मळ्यांकडून शिकावे. तिथले शेतकरी शेवरी, हादग्यासारखी झाडे लावून वेलांवर विरळ सावली धरतात, कोरड्या झळांना अडवतात आणि जमीन ओलसर राखतात. कुंडीतल्या मोगऱ्यालाही एप्रिल-मेमध्ये दुपारची अशीच विरळ सावली द्या. जमिनीत मुरलेल्या झुडपाला तिची गरज नाही.

८. वर्षभराचे काम

*डिसेंबर.* मोगऱ्याचे पाणी हळूहळू कमी करून तोडा. पाने मलूल होऊन गळू लागली की ताण बसला असे समजा. कुंडीत ताण आठवड्या-दहा दिवसांतच बसतो, तिथे फार ताणू नका.

*जानेवारी.* छाटणीचा महिना. धारदार कात्रीने मोगरा जमिनीपासून दीड फुटावर छाटा. वाळक्या, एकमेकींत अडकलेल्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या मुळापासून काढा. उरलेली पाने हाताने खुडा. सावनीच्या मागच्या वर्षीच्या फांद्या वीतभर ठेवून कापा. मुख्य खोड मात्र तोडू नका, त्याने झुडपाचा आकार कायमचा बिघडतो.

*जानेवारी अखेर ते फेब्रुवारी.* माती हलकी खुरपून प्रत्येकी पाच किलो शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड द्या, मग भरपूर पाणी. धुमारे फुटले की युरियाचा मोह टाळा. जास्त नत्राने पाने वाढतात आणि कळ्या मागे पडतात.

*मार्च ते जून.* मोगऱ्याचा बहर. गजऱ्यासाठी कळ्या दुपारनंतर, टपोऱ्या पण बंद असताना तोडा, त्या रात्री उमलतात. झुपका संपला की त्याच्या खालची पानांची एक जोडी घेऊन टोक खुडा. नवे धुमारे येतात आणि बहर लांबतो.

*जून-जुलै.* दुसरा खताचा हप्ता आणि दाब कलम. मोगऱ्याची खालची लवचिक फांदी वाकवा, डोळ्याच्या खाली साल थोडी खरवडा, तो भाग दोन इंच मातीत गाडून वर वीट ठेवा. शेंडा बाहेर राहू द्या. दोन-तीन महिन्यांत मुळे धरतात. ऑक्टोबरात फांदी कापून शेजाऱ्याला रोप द्या.

*ऑगस्ट-सप्टेंबर.* ओट्याभोवती पाणी थांबत असेल तर दांड काढून ते वाहते करा. सावनीचे वाळलेले घोस कापले की ती पुन्हा फुलते.

९. दुखणी ओळखणे

औषध शोधण्याआधी पान बघा. बहुतेक रोग पानच सांगते.

शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या असतील तर लोहाची कमतरता. पाच ग्रॅम हिराकस एक लिटर पाण्यात विरघळवून, त्यात अर्धे लिंबू पिळून, संध्याकाळी फवारा. दर महिन्याला, पाने हिरवी होईपर्यंत. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, शेणखत द्या. पावसाळ्यात सगळे झुडूपच पिवळे पडून मलूल झाले तर मुळाशी पाणी साचले आहे, निचरा करा.

कळ्या जांभळट होऊन जाळ्याने एकमेकींना चिकटल्या असतील तर आत अळी आहे. त्या कळ्या तोडून नष्ट करा आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. दोन लिटरच्या पंपाला शंभर ग्रॅम निंबोळीची भरड लागते. ती रात्रभर पाण्यात भिजवून फडक्याने गाळायची आणि चिमूटभर साबण घालायचा. कपाशीवर अर्क फवारलेल्या घरात हे नव्याने शिकवावे लागत नाही.

मे महिन्यात पानांवर बारीक फिकट ठिपके आणि पानामागे जाळी दिसली तर लाल कोळी. पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारा, तीन-चार दिवसांनी पुन्हा. सावनीच्या पानांवर पांढरी भुकटी दिसली तर भुरी. झुडूप दाटले असेल तर आतल्या फांद्या विरळ करा. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारता येते, पण पारा पस्तीस अंशांच्या वर असताना नको, पाने करपतात.

१०. पुढच्या वेळी नवे रोप आवडले तर

नर्सरीत, प्रदर्शनात किंवा फोनवर रोज नवे झुडूप दिसणार, आणि त्यातले एखादे मनात भरणारच. विकत घेण्याआधी विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. कळी नव्या फुटीवर येते की जुन्या फांदीवर? ती उमलायला थंडी लागते का? आणि काळ्या मातीतल्या पावसाळ्यात याची मुळे टिकतात का? तिन्ही उत्तरे मिळाली तर छाटणीचा महिना, पाण्याची रीत आणि लावायची जागा आपोआप ठरते. उत्तरे मिळाली नाहीत, तर ते रोप तिथेच ठेवा आणि येत्या जूनमध्ये शेजारच्या जुन्या मोगऱ्याची एक फांदी मागून दाबा. अकोटचा उन्हाळा, पावसाळा आणि इथली माती तिने आधीच सोसलेली असते. नव्या माळ्याला याहून चांगली सुरुवात दुसरी नाही.